भागीरथी काकीची बिनक्लचची गाडी

माझ्या काकीने एकसष्टाव्या वर्षी गाडी घेतली ती माझ्या वडिलांचं नाक कापण्यासाठी. हे मी सरळ सांगून टाकते, कारण कुंभकोणमातले आमचे नातेवाईक अजून म्हणतात की भागीरथीने गुडघ्यासाठी गाडी घेतली, निवृत्तीनंतर हौस केली, तंजावूरच्या डॉक्टरकडे जायला बरं पडतं म्हणून घेतली. गुडघा दुखत होता हे खरं आहे. पण दुखऱ्या गुडघ्याला ऑटोरिक्षा पुरते.

मी कीर्ति, रघुपतींची मुलगी. त्यांना मी अप्पा म्हणते. काकी म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची, चंद्रमौली काकांची बायको. तेहेतीस वर्षं तिने टपाल कचेरीच्या खिडकीत काढली. बुटकी, हडकुळी बाई. पाकीट नुसतं तळहातावर घेऊन त्याचं वजन सांगायची आणि काट्यावर ते बरोबर उतरायचं. रांग मोडून कोणी पुढे आलं तर ती काही बोलत नसे. त्याचं काम शेवटी करत असे, आणि तो माणूस चार वर्षांनी पुन्हा आला तरी शेवटीच करत असे. आमच्या घरात ह्याला लोक तिचा विक्षिप्तपणा म्हणत. मला तो न्याय वाटायचा, अजून वाटतो.

आमचं घर मूळचं तंजावूरच्या मराठा दरबारातलं, पण दरबार जाऊन इतकी वर्षं झाली की आता फक्त अप्पांचा रुबाब उरला होता. ते एका भातगिरणीत मॅनेजर होते. गिरणीची जीप त्यांनी चाळीस वर्षं चालवली. जीपचा गिअर टाकताना ते खांदा असा उडवायचे की शेजारी बसलेल्याला वाटावं, आपल्याला आता हाकलणार. पुढे दोघा भावांनी मिळून एक पांढरी गाडी घेतली. पैसे निम्मे निम्मे, किल्ली मात्र अप्पांच्या कनवटीला.

काकांनी काकीला गाडी शिकवली ती पहाटे, कावेरीच्या काठच्या रस्त्यावर, अप्पा झोपेत असताना त्यांची किल्ली चोरून. ती बरी चालवू लागली तेव्हा एका रविवारी काकांनी हौसेने तिला सगळ्यांसमोर चालवायला बसवलं. अप्पा मागे बसले होते, मी त्यांच्या शेजारी, बारा वर्षांची. पुलाच्या चढावर पुढची बस थांबली, काकीही थांबली, आणि पुन्हा निघताना गाडी बंद पडली. दोन हात मागे घसरून ती केळ्यांच्या एका हातगाडीला टेकली. चार केळी पडली असतील. अप्पा खाली उतरले, खिडकीतून हात घालून त्यांनी किल्ली काढून घेतली आणि अख्ख्या पुलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बायकांच्या पायांत क्लच नसतो."

काकी उतरली आणि मागे येऊन माझ्याजवळ बसली. काका काही बोलले नाहीत. मोठ्या भावापुढे ते कधीच काही बोलले नाहीत, आणि हे मी त्यांना माफ केलेलं नाही, जरी ते माझे लाडके होते. त्या दिवसानंतर ते वाक्य घरात रुजलं. पाहुणे आले की अप्पा ते सांगत, पाहुणे हसत, आणि काकी त्यांना कॉफी देई.

हे इथवर असतं तर मी लिहायला बसले नसते. घरोघरी असे पुरुष असतात.

दोन हजार दहा साली चैत्राच्या उत्सवाला आम्ही सगळे तिरुनीलक्कुडीला नातेवाइकांकडे गेलो होतो. तिथला देव पालखीतून सात गावं फिरतो आणि अप्पांना पालखीबरोबर चालायचं होतं. सकाळीच काका म्हणाले की डावा हात जड वाटतो आहे. त्यांना घाम सुटला होता. काकी अप्पांच्या मागे दारापर्यंत गेली.

"भावोजी, किल्ली इथें ठेवून जा. ह्यांना बरं नाहीं. लागली तर मी वंडी काढीन."

"पुन्हा कोणाच्या केळ्यांत घालायला?" अप्पा म्हणाले. "पित्त झालें असेल त्याला. ताक दे."

वंडी म्हणजे गाडी, तमिळमधून आमच्यात आलेला शब्द. अप्पा किल्ली कनवटीला खोचून पालखीमागे निघून गेले. दीड तासाने काका अंगणात कोसळले. गाडी दारात उभी होती. ती चालवू शकणारी बाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि अप्पांना फोन लावत होती. मी रस्त्यावर धावत सुटले. उत्सवामुळे एकही रिक्षा जागेवर नव्हती. पाऊण तासाने दुधाची व्हॅन मिळाली. कुंभकोणमच्या वाटेवर, तिरुनागेश्वरम यायच्या आधी काका गेले.

अप्पांनी तेव्हापासून एकच सांगितलं. "ढोल आणि नागस्वर इतके जोरांत होते, फोन ऐकूंच आला नाहीं." तेराव्यालाही हेच सांगितलं आणि सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली. सात गावांच्या पालखीत फोन ऐकू येत नाही, हे कोणालाही पटेल.

तेराव्यानंतर काकीने कुंभकोणमातल्याच महामहम तळ्यामागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मी सामान लावायला गेले होते. डबे पुसता पुसता ती म्हणाली, "कीर्ति, एक दिवस मी त्यांच्या हातची किल्ली चार लोकांसमोर काढून घेईन. तोंवर मला मरण नोको." आवाज चढवला नाही, रडली नाही. मी तिच्या हातातला डबा घेतला आणि म्हणाले, मी आहे. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि अप्पांच्याच घरात जेवत होते. पण मी मनापासून म्हणाले होते.

चौदा वर्षं गेली. काकी निवृत्त झाली. दुसऱ्याच आठवड्यात तिने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. जुना परवाना कधीच संपला होता, तिने नव्याने परीक्षा दिली. चढावर थांबून पुन्हा गाडी काढायची वेळ आली तेव्हा गाडी एक बोटभरही मागे आली नाही. हे मला तिच्या शिक्षकाने सांगितलं. ती स्वतः सांगणाऱ्यातली नव्हे.

मग आम्ही गाडी बघायला लागलो. तिला बसकी गाडी नको होती, उतरताना गुडघा दुमडतो. फार मोठी नको होती, आमच्या गल्लीत वळणार नाही. म्हणून ती हल्लीची छोटी पण जमिनीपासून उंच असलेली क्रॉसओव्हर ठरली. रंगही ठरला. अडलं ते एकाच गोष्टीवर: गिअर हाताने टाकायचे, का आपोआप पडणारे घ्यायचे.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की डाव्या पायाने दिवसभर क्लच दाबलात तर वर्षभरात शस्त्रक्रिया. कुंभकोणमच्या रस्त्यांवर देवळांच्या गर्दीत दर दहा पावलांना क्लच दाबावा लागतो हे वेगळं सांगायला नको. शोरूममधला बालाजी नावाचा मुलगाही तेच म्हणे. "अम्मा, ऑटोमॅटिक घ्या. दोनच पेडल. ब्रेक सोडला की गाडी आपली आपण हळू पुढे जाते. चढावर मागे येत नाही." किंमत जास्त, पेट्रोल जरा जास्त, पण पायाला सुख.

मी मात्र हट्टाला पेटले होते. मला वाटत होतं, सूड घ्यायचा तर क्लचवरच घ्यायला हवा. अप्पांना मागे बसवायचं, त्याच पुलावर न्यायचं, चढावर थांबायचं आणि हाफ क्लचवर गाडी अशी उचलायची की त्यांच्या तोंडचं पाणी पळावं. ऑटोमॅटिक घेणं म्हणजे त्यांचं वाक्य खरं करून दाखवणं. मी काकीला म्हटलं, गोळ्या घे, गुडघ्याला पट्टा बांध, पण क्लचवाली घे. दुसऱ्याच्या गुडघ्यावर मी फार शूर आहे.

आम्ही चाचणीला गेलो त्या दिवशी अप्पा न बोलावता शोरूममध्ये हजर. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी मधोमध खुर्ची घेतली आणि तमिळमध्ये, सगळ्या शोरूमला ऐकू जाईल असं बालाजीला सांगितलं, "बाईंना क्लच नसलेली द्या. खेळण्यातली असते तशी. ती म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही चालवता येते." आणि पुलाची गोष्ट सुरू केली. पंचवीस वर्षांपूर्वीची, केळ्यांसकट. दोन गिऱ्हाइकं हसली.

काकी उठली आणि आधी क्लचवाली गाडी घेऊन बाहेर पडली. मी मागे बसले होते. पूल चढली, मधे थांबली, सुटली, वळून आली, काही म्हणता काही चुकलं नाही. फक्त उतरताना तिने दाराला धरलं आणि क्षणभर डोळे मिटले. मग ती ऑटोमॅटिकमध्ये बसली. शोरूमच्या फाटकातून जेमतेम बाहेर आलो असू. गाडीने जरा वेग घेतला आणि काकीचा डावा पाय सवयीने क्लच समजून खाली गेला. तिथे क्लच नव्हता, ब्रेकचं रुंद पेडल होतं. गाडी खाडकन थांबली. शेजारी बसलेल्या बालाजीच्या हातातली वही काचेवर आपटली.

"होतं असं, अम्मा," बालाजी म्हणाला. "सगळ्या जुन्या ड्रायव्हरांचं होतं. जितकी जास्त वर्षं क्लचवर काढली, तितका पाय ऐकत नाही. एक-दोन दिवस डावा पाय मागे दुमडून ठेवायचा."

काकी हसली. तिला हसताना मी फार कमी पाहिलंय. ती स्टिअरिंगला धरून हसत राहिली आणि मग म्हणाली, "ही घेतें मी."

मी संतापले. रिक्षात बसल्यावर तिला नाही नाही ते बोलले. त्यांनी सांगितलं म्हणून घेतलीस, आता जन्मभर तेच ऐकायचं, मग चौदा वर्षं कशाला कुढत राहिलीस. तिने रिक्षावाल्याला भाजीबाजाराशी थांबायला सांगितलं. उतरून दुधी घेतला, चांगला दाबून बघून घेतला. दोन दिवस मी तिच्याकडे गेले नाही.

आता आमच्या घरची एक रीत सांगते. नवी गाडी आली की ती पिळ्ळैयारापुढे, म्हणजे गणपतीपुढे नेतात. तिथले पुजारी, गुरुक्कळ, तिला गंध-हार घालतात, चार चाकांखाली चार लिंबं ठेवतात, आणि ती लिंबं चिरडून गाडी पहिल्यांदा पुढे सरकते. हे तमिळनाडूत सगळेच करतात. पण आमच्यात त्या वेळी गाडीत घरचा सगळ्यांत थोरला पुरुष बसतो आणि लिंबं तोच चिरडतो. नात्यातली एकही गाडी अप्पांनी सोडली नव्हती. माझ्या स्कूटरचीसुद्धा लिंबं त्यांनीच चिरडली होती, वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, वर खोचून. ह्याही वेळी त्यांनी काकीला फोनवर सांगितलं, "शुक्रवारीं दहाला ये. लिंबांवरून मी काढून देईन. तुला सवय व्हायची आहे." काकी म्हणाली, "सेरी, भावोजी. तुम्हीच काढायची." सेरी म्हणजे बरं.

हे मला कळलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तशीच तिच्याकडे गेले. ती लिंबं पुसत बसली होती. मी म्हटलं, काकी, तूं ह्यासाठीं घेतलीस? ती म्हणाली, "गुडघाही आहेच." आणि मोठी चार लिंबं बाजूला काढली.

शुक्रवारी देवळापुढे तीसेक माणसं होती. आमची मराठी घरं सगळी आली होती, अप्पांनीच बोलावणी केली होती. मागे एक नवा ट्रॅक्टर आणि दोन स्कूटर पूजेला थांबले होते. बालाजी किल्ली द्यायला आला होता. तो अप्पांना काही समजावू लागला तर अप्पांनी हात झटकला. तेव्हा काकी पुढे झाली. मी तिच्या शेजारी उभी होते, एकेक शब्द माझ्या कानावर आहे.

"भावोजी, हिला क्लच नाहीं. डावा पाय मागें दुमडून ठेवा. चुकून खालीं जातो, माझाही गेला."

सगळ्यांनी ऐकलं. अप्पाही हसले. "तुझा जाणारच," ते म्हणाले. "मला तूं शिकवूं नोको. तूं जन्मली नव्हतीस तेव्हांपासून पाहतों आहें मी गाड्या."

तिने त्यांना सावध केलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. ते ऐकणार नाहीत हे तिला माहीत होतं, हेही सांगेन.

अप्पा बसले. खिडकीशी येऊन बालाजीने सांगितलं तेवढं मात्र ऐकून त्यांनी ब्रेक दाबला, किल्ली फिरवली, गिअरचा दांडा खाली घेतला आणि पाय सोडला. गाडी आपली आपण निघाली. लिंबं फुटली, कोणी टाळ्या वाजवल्या. आपल्याला न विचारता सुटलेली गाडी अप्पांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांचा खांदा उडाला, हात गिअरकडे गेला, आणि डावा पाय जीपचा क्लच दाबावा तसा पूर्ण खाली गेला. गाडी जागच्या जागी थांबली. अप्पांचा चष्मा उडून पायाशी पडला. त्यांना वाटलं गाडी बंद पडली. त्यांनी पाय उचलला, गाडी पुन्हा निघाली, पाय पुन्हा खाली. देवळापुढच्या पंधरा हातांत ती पाचदा थांबली. बॉनेटवरचा हार घसरून खाली आला. प्रत्येक धक्क्याला अप्पांची मान पुढे जात होती आणि मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. फुलं विकणारी बाई मोठ्याने म्हणाली, "तात्ता, वंडी ओट्ट तेरियादा?" आजोबा, गाडी चालवता येत नाही का?

हसू पसरलं. आधी बाकीचे लोक हसले, मग आमचेही. मी हसले. मला ते फार गोड लागलं. माझ्या बापाची फजिती बघून मला जितकं बरं वाटलं तितकं लग्नातही वाटलं नव्हतं, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

काकी गाडीपाशी गेली आणि ब्रेकवर पाय असतानाच तिने त्यांना दांडा वर घ्यायला सांगितलं. खिडकीतून हात घालून तिने किल्ली फिरवून बंद केली, काढून घेतली आणि दार उघडलं. "तुम्ही मोठे," ती म्हणाली, "पहिल्या फेरीला पुढें माझ्या शेजारीं बसा. तिरुनीलक्कुडीला जाऊन येऊं." तीस माणसं बघत होती. नाही म्हणून निघून गेले असते तर उरलंसुरलंही गेलं असतं. अप्पा चष्मा हातात घेऊन बॉनेटला वळसा घालून पलीकडे जाऊन बसले. मी मागे बसले. काकीने डावा पाय मागे घेतला आणि गाडी कोणाला कळूही न देता रस्त्याला लागली.

मला वाटलं, झालं. चौदा वर्षं जे हवं होतं ते मिळालं. काकीचा चेहरा आरशात दिसत होता, ती निवांत होती. कारैकालच्या रस्त्याला रहदारी कमी होती, दोन्ही बाजूंना भात उभं होतं. तिरुनागेश्वरम मागे पडलं. मला वाटतं, तिथून परत आलो असतो तर सगळं तिथेच मिटलं असतं.

पण अप्पा गप्प बसणारे नव्हेत. त्यांच्या मानेची शीर उडत होती. शेवटी ते फुटले.

"तुला माझें हसें करायचें होतें. हट्टी तूं पहिल्यापासून. त्या दिवशींही तशीच. सकाळीं किल्ली, दुपारीं किल्ली. चार वेळां फोन वाजवलास, दर वेळीं बघावें तर तुझेंच नांव. मी काय, देवाची पालखी सोडून तुझ्या हातीं वंडी द्यायला यायचें होतें?"

काकीने कडेचा दिवा लावला, गाडी हळूच डावीकडे घेतली आणि एका बंद चहाच्या टपरीपुढे थांबवली. कसलाही झटका बसला नाही. तिने दांडा वर केला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"चार वेळां केला," ती म्हणाली. "हें मी कोणाला सांगटलें नव्हतें."

आपण काय बोलून गेलो ते अप्पांच्या लक्षात आलं होतं. माझ्याही. ढोल, नागस्वर, तेराव्याला हललेल्या सगळ्यांच्या माना, माझी मान. त्यांनी फोन ऐकला होता. चारही वेळा ऐकला होता, हातात घेऊन नाव बघितलं होतं, आणि ही किल्ली मागणार म्हणून परत खिशात ठेवला होता.

"मला काय ठाऊक, त्याला इतकें झालें आहे," अप्पा म्हणाले. आवाज एकदम म्हाताऱ्याचा झाला होता.

"उतरा, भावोजी."

"ऊन आहे बाहेर, भागीरथी."

"तेव्हांही होतें. उतरा."

ते उतरले नाहीत. काकीने पुन्हा सांगितलं नाही, ती फक्त थांबली. टपालाच्या खिडकीत ती अशीच थांबत असे आणि शेवटी माणूसच बाजूला होई. दोन बस गेल्या. मग अप्पांनी दार उघडलं आणि पाय खाली टाकला. टपरीच्या पत्र्याची सावली हातभर होती, तिच्यात ते उभे राहिले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, चुरगळलेली रेशमी वेष्टी, कपाळावर अजून देवळातली विभूती. त्यांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं.

"कीर्ति, तूं तरी सांग तिला."

मी मागचं दार उघडून खाली उतरले. ते एक पाऊल पुढे आले, त्यांना वाटलं मी त्यांच्यासाठी उतरले. मी त्यांच्या बाजूने पुढे गेले आणि त्यांच्या रिकाम्या सीटवर बसून दार लावून घेतलं.

"पट्टा लाव," काकी म्हणाली, आणि ब्रेकवरचा पाय सोडला.